विश्लेषण : व्हेनिस, टेल्युराइड, टोरांटो, न्यूयॉर्क… चित्रपटाचा ‘पहिला खेळ’ मिळवण्यासाठी महोत्सवांत एवढी चढाओढ का?

दरवर्षी जुलै संपता संपता व्हेनिस चित्रपट महोत्सवाची यादी जाहीर होते. टोरांटोची नावे त्याच सुमारास टप्प्याटप्प्याने येतात, ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कची. ‘अमुक दिग्दर्शकाच्या चित्रपटाची निवड’ अशा बातम्या आपणही वाचतो. या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे बरीच नावे तीच ती असतात. दुसरी, टोरांटोच्या यादीत प्रत्येक नावापुढे एक छोटी नोंद असते : ‘वर्ल्ड प्रीमियर’, ‘इंटरनॅशनल प्रीमियर’, ‘नॉर्थ अमेरिकन प्रीमियर’ किंवा ‘कॅनेडियन प्रीमियर’. बातमीत ही नोंद सहसा गाळली जाते. पण कोणता चित्रपट कुठे जाणार, कोणत्या दिवशी दाखवला जाणार, यातले बरेच काही या दोन शब्दांवर ठरते. निवड म्हणजे गुणवत्तेची पावती, हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे ‘आधी कोणाकडे’ या प्रश्नाचे उत्तर असते आणि त्याची झळ छोट्या चित्रपटांना, त्यात मराठीही आले, सर्वाधिक बसते.

हे चार महोत्सव कोणते?

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जेमतेम सात आठवडे मिळतात. त्यात हे चार महोत्सव एकमेकांच्या पायात पाय घालतात. २०२५च्या तारखाच पाहा. व्हेनिस २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर, टेल्युराइड २९ ऑगस्ट ते १ सप्टेंबर, टोरांटो ४ ते १४ सप्टेंबर आणि न्यूयॉर्क २६ सप्टेंबर ते १३ ऑक्टोबर. म्हणजे व्हेनिस सुरू असतानाच टेल्युराइड येऊन संपते आणि व्हेनिसचा निकाल लागण्याआधीच टोरांटोचा पडदा उघडतो. लंडन आणि स्पेनमधील सान सेबास्तियन हे महत्त्वाचे महोत्सवही याच हंगामात असतात, पण खरी रस्सीखेच या चौघांत आहे.

चौघांचा स्वभाव मात्र वेगळा. व्हेनिस हा जगातला सर्वात जुना चित्रपट महोत्सव. १९३२ साली लिडो बेटावरील एक्सेलसिअर हॉटेलच्या गच्चीवर तो सुरू झाला. तिथे स्पर्धा असते, ज्युरी असते आणि ‘गोल्डन लायन’ हा सर्वोच्च पुरस्कार असतो. टोरांटो १९७६ साली ‘फेस्टिव्हल ऑफ फेस्टिव्हल्स’ या नावाने सुरू झाला. इतर महोत्सवांत गाजलेले चित्रपट आपल्या शहरातल्या लोकांना दाखवायचे, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. तिथला सर्वात मानाचा पुरस्कार आजही ज्युरी देत नाही, तिकीट काढून आलेले प्रेक्षक मत देऊन ठरवतात. न्यूयॉर्कमध्ये १९६३पासून लिंकन सेंटरला महोत्सव भरतो. तिथे स्पर्धाच नाही. वर्षभरातले निवडक पंचवीस-तीस चित्रपट ‘मेन स्लेट’ या मुख्य विभागात घ्यायचे, हाच मान.

टेल्युराइड या तिघांत कुठेच बसत नाही. कोलोरॅडोच्या डोंगरात, सुमारे पावणेनऊ हजार फुटांवर वसलेले हे छोटे गाव. १९७४पासून तिथे अमेरिकेतल्या ‘लेबर डे’च्या सुट्टीला जोडून हा महोत्सव भरतो. पुरस्कार नाहीत. आणि कोणते चित्रपट दाखवणार, हे महोत्सव सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत जाहीर करत नाहीत. लोक महागडे पास महिनोन्महिने आधी घेतात, विमान बदलत, घाट चढत तिथे पोहोचतात आणि मग आपण नेमके काय पाहायला आलो आहोत हे त्यांना कळते!

‘प्रीमियर’चे इतके प्रकार कशासाठी?

‘वर्ल्ड प्रीमियर’ म्हणजे जगात कुठेही झालेला पहिला जाहीर खेळ. ‘इंटरनॅशनल प्रीमियर’ म्हणजे ज्या देशाचा चित्रपट आहे त्या देशाबाहेरचा पहिला. त्याखाली खंडाचा क्रम येतो, म्हणून ‘नॉर्थ अमेरिकन’. आणि सर्वात शेवटी एका देशापुरता, म्हणजे ‘कॅनेडियन’. ही उतरंड आहे. वरची पायरी एकदा खर्च झाली की ती परत मिळत नाही. चित्रपट दहा महोत्सवांत फिरू शकतो, पण त्याचा जगातला पहिला खेळ एकदाच होतो. महोत्सवांच्या दृष्टीने हीच दुर्मीळ वस्तू. जगभरचे समीक्षक, वितरक आणि तारे ज्या गावात पहिला खेळ असतो तिथे येतात. ते आले की प्रायोजक येतात.

या नोंदींतून एक गंमतही निघते. टेल्युराइड आपली यादी लपवून ठेवते, पण टोरांटोला आपल्या यादीत प्रीमियरचा प्रकार लिहावाच लागतो. समजा एखाद्या नव्या अमेरिकी चित्रपटापुढे टोरांटोने ‘इंटरनॅशनल प्रीमियर’ असे लिहिले. म्हणजे त्याआधी तो अमेरिकेत कुठेतरी दाखवला जाणार. तो व्हेनिसच्या यादीत नाही, चित्रपटगृहांतही लागलेला नाही. मग टोरांटोच्या आधी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत, अमेरिकेत कोणता महोत्सव आहे? टेल्युराइड. तसेच व्हेनिसला पहिला खेळ होणारा चित्रपट तिथून थेट टोरांटोला येत असेल, तर नोंद ‘नॉर्थ अमेरिकन प्रीमियर’ अशी हवी. ती ‘कॅनेडियन प्रीमियर’ अशी असेल, तर मधे अमेरिकेत एक थांबा आहे, असा अर्थ निघतो. हॉलिवूडच्या व्यवसायाची बातमीदारी करणारे पत्रकार दर उन्हाळ्यात ही वजाबाकी करून टेल्युराइडची बरीचशी यादी आधीच मांडून मोकळे होतात. अभियांत्रिकीच्या वर्गात ‘दिलेल्या अटींवरून अज्ञात शोधा’ असली गणिते ज्यांनी कंटाळत सोडवली आहेत, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. गुपित राखणाऱ्या महोत्सवाचे गुपित दुसऱ्या महोत्सवाच्या प्रामाणिक लेबलामुळे फुटते.

टोरांटो आणि टेल्युराइड यांच्यात भांडण कशावरून झाले?

टेल्युराइडच्या याच लपवाछपवीवरून. टेल्युराइड अनेकदा चित्रपटाचा ‘चोरटा खेळ’ करत असे. अधिकृत यादीत नाव नाही, पण रात्री पडद्यावर चित्रपट हजर. बेन ॲफ्लेकचा ‘आर्गो’ २०१२ मध्ये आणि स्टीव्ह मॅक्वीनचा ‘१२ इयर्स अ स्लेव्ह’ २०१३ मध्ये टोरांटोच्या काही दिवस आधी टेल्युराइडला दाखवले गेले. दोन्ही पुढे ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरले. टोरांटोची अडचण अशी, की त्यांनी ‘वर्ल्ड प्रीमियर’ म्हणून छापलेल्या चित्रपटावरची पहिली परीक्षणे डोंगरातून आधीच प्रसिद्ध झालेली असत. हजारो किलोमीटरवरून आलेल्या पत्रकारांसाठी तो चित्रपट शिळा.

म्हणून २०१४ साली टोरांटोने नियम केला : महोत्सवाच्या पहिल्या चार दिवसांत फक्त जागतिक किंवा उत्तर अमेरिकी प्रीमियरच होतील. टेल्युराइडला जाऊन आलेल्या चित्रपटाला सोमवारनंतर जागा. वरवर पाहता शिक्षा किरकोळ वाटते. पण पहिला शनिवार-रविवार हाच टोरांटोचा खरा बाजार. वितरक, खरेदीदार आणि परदेशी पत्रकार यांतले बरेच जण मंगळवारी परत निघालेले असतात.

नियमाचे पुढे काय झाले ते जास्त बोलके आहे. त्याच वर्षी ‘द इमिटेशन गेम’ने आधी टेल्युराइड गाठले, टोरांटोत उशिराची तारीख निमूटपणे घेतली आणि तिथला प्रेक्षक पसंतीचा पुरस्कारही जिंकला. पुढच्याच वर्षी टोरांटोने नियम सैल केला. पहिल्या चार दिवसांत चित्रपट दाखवू, पण मोठ्या मानाच्या सभागृहांत नाही, अशी तडजोड निघाली. आज तर हा वाद जुना झाला आहे. २०२५ मध्ये क्लोई झाओचा ‘हॅम्नेट’ टेल्युराइडला पहिल्यांदा दाखवला गेला, मग टोरांटोला आला आणि प्रेक्षक पसंतीचा पुरस्कार घेऊन गेला. नियम करून मोठा चित्रपट अडवता येत नाही, हे टोरांटोला एका वर्षात कळले. छोट्या चित्रपटाकडे मात्र असे नियम सैल करून घेण्याची ताकद नसते.

निवड नेमकी कोण करते?

इथे एक नेहमीचा गोंधळ दूर करायला हवा. ज्युरी आणि निवड समिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्युरी निवडलेल्या चित्रपटांतून विजेते ठरवते. चित्रपट निवडतो तो महोत्सवाचा कलात्मक संचालक आणि त्याचे प्रोग्रामर. (प्रोग्रामर म्हणजे इथे कोड लिहिणारा नव्हे, कार्यक्रम आखणारा.) व्हेनिसमध्ये २०१२पासून अल्बेर्तो बार्बेरा हे काम पाहतात आणि त्यांच्या आवडीनिवडीचा ठसा महोत्सवावर स्पष्ट दिसतो.

चित्रपट दोन वाटांनी येतात. पहिली वाट सर्वांना खुली. ऑनलाइन अर्ज भरायचा, शुल्क भरायचे, चित्रपटाची लिंक पाठवायची. मोठ्या महोत्सवांकडे असे हजारो अर्ज येतात. त्यांची चाळणी करणारी माणसे वेगळी असतात, त्यांनी उचलून धरलेले थोडेच चित्रपट वरपर्यंत पोहोचतात. दुसरी वाट ओळखीची. स्टुडिओ आणि सेल्स एजंट, म्हणजे चित्रपटाचे देशोदेशीचे हक्क विकणाऱ्या कंपन्या, संचालकांना चित्रपट खासगीत दाखवतात, बऱ्याचदा संकलन पूर्ण होण्याआधीच. प्रोग्रामर स्वतःही फिरतात. दक्षिण आशियाचे चित्रपट पाहणारा माणूस आपल्याकडे येऊन कोण काय करतो आहे याची माहिती ठेवतो. गोव्यात इफ्फीच्या जोडीने एनएफडीसी भरवत आलेल्या फिल्म बाजारात अपुऱ्या चित्रपटांना परदेशी प्रोग्रामरपुढे ठेवण्याची सोय असते, ती याचसाठी.

यानंतर सुरू होतात वाटाघाटी. व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत साधारण वीस जागा. तिथे प्रवेश हवा तर जागतिक प्रीमियर व्हेनिसलाच द्यावा लागतो. ‘स्पर्धेत नाही, पण ओरिझोंटीत घेतो’ असा निरोप आला तर? ओरिझोंटी हा नव्या प्रवाहांचा स्वतंत्र स्पर्धा विभाग. तो स्वीकारायचा, की टोरांटोकडून मोठ्या सभागृहाची वाट पाहायची? की आधी मे महिन्यातल्या कान महोत्सवाचे उत्तर येईपर्यंत सगळ्यांनाच थोपवून धरायचे? मोठ्या निर्मात्याच्या वतीने हे सारे फोनवर ठरते. छोटा निर्माता मात्र हार्ड डिस्कवर तयार चित्रपट घेऊन कर्जाचे व्याज मोजत बसलेला असतो. तो एखाद्या लहान महोत्सवाला हो म्हणाला, तर पहिला खेळ तिथे खर्च होतो आणि व्हेनिसच्या स्पर्धेचे दार बंद. नाही म्हणाला आणि नंतर मोठ्यांचा नकार आला, तर हातात काहीच नाही. नकाराचे कारण सहसा कळत नाही. चित्रपट आवडला नाही की यंदा त्या प्रदेशाची जागा भरली, हे दिग्दर्शकाला कधीच समजत नाही.

मग मोठे स्टुडिओ व्हेनिसकडे का वळले?

तारखा आणि एक नियम. ऑस्करच्या शर्यतीतले चित्रपट अमेरिकेत ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये लागतात. मे महिन्यात कानला दाखवले तर चर्चा तोवर विझते आणि परीक्षणे वाईट आली तर सावरायला उरतात ते सगळे महिने गैरसोयीचे. ऑगस्टअखेरीस दाखवले तर गरम गरम वाढता येते. २०१३ मध्ये ‘ग्रॅव्हिटी’, २०१४ मध्ये ‘बर्डमॅन’ आणि २०१६ मध्ये ‘ला ला लँड’ हे व्हेनिसचे उद्घाटनाचे चित्रपट होते. तिघांनीही ऑस्करमध्ये भरघोस पुरस्कार मिळवले आणि स्टुडिओंना हिशेब पटला.

नियम होता कानचा. स्पर्धेतला चित्रपट फ्रान्समधल्या चित्रपटगृहांत लागलाच पाहिजे, असे कानने २०१८पासून बंधनकारक केले. फ्रान्समध्ये चित्रपटगृहानंतर ऑनलाइन येण्याआधी बराच काळ थांबावे लागते. नेटफ्लिक्सने कानकडे पाठ फिरवली. व्हेनिसने अशी अट घातली नाही. त्याच वर्षी आल्फोन्सो क्वारोनचा ‘रोमा’ लिडोवर आला आणि गोल्डन लायन जिंकला. तेव्हापासून नेटफ्लिक्स तिथे घरचाच झाला आहे. २०२५च्या मुख्य स्पर्धेत त्याचे तीन चित्रपट होते : गिएर्मो देल तोरोचा ‘फ्रँकेन्स्टाइन’, कॅथरीन बिगेलोचा ‘अ हाउस ऑफ डायनामाइट’ आणि नोआ बाउमबाखचा ‘जे केली’. वीसेक जागांतल्या तीन. इटलीतले चित्रपटगृहांचे मालक यावर नाराज असतात, ते स्वाभाविकच म्हणावे लागेल. पण लाल गालिच्यावर तारे हवेत तर हे आलेच. बाकी त्या वर्षीचा गोल्डन लायन मिळाला तो जिम जारमुशच्या ‘फादर मदर सिस्टर ब्रदर’ या शांत, छोट्या चणीच्या चित्रपटाला.

ही चढाओढ थांबवता येत नाही का?

एकदा थांबली होती. २०२० साली करोनामुळे चौघांनीही हातमिळवणी केली आणि पहिल्या खेळासाठी आपसात भांडायचे नाही असे जाहीर केले. टेल्युराइड त्या वर्षी रद्दच झाले. क्लोई झाओचा ‘नोमॅडलँड’ ११ सप्टेंबरला व्हेनिस आणि टोरांटो अशा दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी दाखवला गेला. एरवी अशी कल्पनाही कोणी केली नसती. त्याला व्हेनिसचा गोल्डन लायनही मिळाला आणि टोरांटोचा प्रेक्षक पसंतीचा पुरस्कारही, पुढे ऑस्करही. कोणत्याही महोत्सवाचे त्यात नुकसान झाल्याचे दिसले नाही. साथ ओसरली आणि जुनी गणिते परत आली.

शरद ऋतूतले महोत्सव म्हणजे ऑस्करची रंगीत तालीम का?

तसे म्हणण्यात तथ्य होते. २०१२ ते २०२३ या सलग १२ वर्षांत टोरांटोचा प्रेक्षक पसंतीचा पुरस्कार मिळालेला प्रत्येक चित्रपट ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनात होता. ही मालिका २०२४च्या ‘द लाइफ ऑफ चक’ने तोडली. पण नामांकन वेगळे आणि विजय वेगळा. ‘नोमॅडलँड’नंतरचे चार विजेते पाहा : ‘कोडा’ जानेवारीतल्या सनडान्सचा, ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ मार्चमधल्या साउथ बाय साउथवेस्टचा, ‘ओपनहायमर’ कोणत्याच महोत्सवाचा नाही आणि ‘अनोरा’ कानचा. चौघांतल्या एकाचाही पहिला खेळ या हंगामात झाला नव्हता. तरीही दर सप्टेंबरला ‘ऑस्करची शर्यत सुरू’ हे मथळे ठरलेले!

मराठी चित्रपटांचा या याद्यांशी संबंध काय?

वाटतो त्यापेक्षा जुना आणि जवळचा. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसमध्ये दाखवला गेला होता आणि तिथे त्याची विशेष दखल घेतली गेली. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाची ती वाट नंतर बराच काळ रिकामी राहिली.

मग २०१४ साली चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ ओरिझोंटीत निवडला गेला. पहिलाच चित्रपट, नवे कलाकार, लोकशाहिरावरचा खटला आणि मुंबईतल्या कनिष्ठ न्यायालयाचे रटाळ कामकाज. त्याला ओरिझोंटीतला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पहिल्या चित्रपटासाठीचा ‘लायन ऑफ द फ्युचर’ असे दोन पुरस्कार मिळाले. मुख्य स्पर्धेत नसून ‘दुय्यम’ समजल्या जाणाऱ्या विभागात असण्याचा हा फायदा. वीस दिग्गजांच्या गर्दीत हरवण्याऐवजी नव्यांच्या स्पर्धेत तो उठून दिसला.

त्यातूनच पुढची पायरी आली. २०२० साली त्याचाच ‘द डिसायपल’ थेट मुख्य स्पर्धेत घेतला गेला. मीरा नायर यांच्या ‘मान्सून वेडिंग’नंतर, म्हणजे २००१नंतर व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत आलेला तो पहिला भारतीय चित्रपट. हिंदुस्थानी संगीत शिकणाऱ्या, पण मोठा गायक न होऊ शकणाऱ्या तरुणाची ही मराठी गोष्ट. तिला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार आणि आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचा फिप्रेसी पुरस्कार मिळाला. मग टोरांटोने आणि न्यूयॉर्कच्या मेन स्लेटनेही तो घेतला. पहिला खेळ व्हेनिसला, मग उत्तर अमेरिका : मोठे चित्रपट ज्या क्रमाने जातात त्याच क्रमाने हा मराठी चित्रपट गेला. अर्थात यात आधीची पुण्याईही होती. ताम्हाणेने क्वारोनच्या हाताखाली ‘रोमा’च्या चित्रीकरणावर उमेदवारी केली होती आणि ‘द डिसायपल’चा कार्यकारी निर्माता म्हणून क्वारोनचे नाव होते. ओळखीची वाट म्हणतात ती ही. तिच्यात गैर काही नाही, पण ती प्रत्येकाला मिळत नाही.

ज्याला ती मिळाली नव्हती अशा चित्रपटाचे उदाहरण म्हणून जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’कडे पाहावे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, तिथल्याच नवख्या माणसांना घेऊन केलेला, मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमावरचा हा चित्रपट. २०२३ मध्ये टोरांटोच्या ‘डिस्कव्हरी’ विभागात त्याचा जागतिक प्रीमियर झाला. पहिला-दुसरा चित्रपट करणाऱ्यांसाठीचा हा विभाग. ‘स्थळ’ला तिथे आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कारही मिळाला. दिग्दर्शकाचे नाव आधी कोणी ऐकलेले नसताना टोरांटोने त्याला पहिल्या खेळाची जागा दिली. ही निवड चाळणीतून वर येण्याची आशा जिवंत ठेवते.

२०२५ मध्ये अनुपर्णा रॉय यांना ‘साँग्ज ऑफ फरगॉटन ट्रीज’ या मुंबईतल्या दोन स्थलांतरित तरुणींवरच्या चित्रपटासाठी ओरिझोंटीत सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. पुन्हा तोच ‘दुय्यम’ विभाग. भारतीय चित्रपटांसाठी खरी संधी कुठे आहे, याचा अंदाज यावरून यावा.

‘निवड झाली’ ही बातमी कशी वाचावी?

आमच्या डेस्कवर दर मोसमात ‘आंतरराष्ट्रीय महोत्सवात निवड’ असे मथळे असलेल्या मेलचा ढीग पडतो. त्यातल्या प्रत्येकाचा अर्थ सारखा नसतो. महोत्सवाची अधिकृत निवड ही एक गोष्ट. महोत्सवाच्या जोडीने भरणारा बाजार ही दुसरी. बाजारात निर्माता पैसे भरून किंवा एखाद्या संस्थेमार्फत सभागृह घेतो आणि खरेदीदारांना चित्रपट दाखवतो. राज्य सरकार निवडक मराठी चित्रपट कानला पाठवते ते या बाजारात. त्यात कमीपणा काहीच नाही, विक्रीसाठी ती योग्य जागा आहे. फक्त ‘कानमध्ये निवड’ असे म्हटले की वाचकाला भलतेच वाटते. तिसरा प्रकार समांतर विभागांचा. व्हेनिसमधला ‘क्रिटिक्स वीक’ किंवा ‘जोर्नाते देली आउतोरी’ हे विभाग त्याच बेटावर, त्याच दिवसांत भरतात, पण त्यांची निवड समिती स्वतंत्र असते. तिथली निवड मानाचीच, पण ती बार्बेरा यांनी केलेली नसते. एक साधी कसोटी आहे : विभागाचे नाव आणि प्रीमियरचा प्रकार. मेलमध्ये या दोन्ही गोष्टी नसतील तर महोत्सवाच्या संकेतस्थळावर अधिकृत यादी पाहावी.

महोत्सवात गाजलेला चित्रपट आपल्याला कधी दिसतो?

प्रीमियरच्या उतरंडीत जग, खंड आणि देश झाले की शेवटी नंबर लागतो तो ज्यांच्यावर चित्रपट केला आहे त्या प्रेक्षकांचा. ‘कोर्ट’ व्हेनिसनंतर सात महिन्यांनी, एप्रिल २०१५ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला. ‘द डिसायपल’ ३० एप्रिल २०२१ रोजी थेट नेटफ्लिक्सवर आला. करोनाची दुसरी लाट भरात होती, चित्रपटगृहे बंद होती. नीरज घायवानचा ‘होमबाउंड’ तुलनेने नशीबवान. मे २०२५ मध्ये कान, सप्टेंबरमध्ये टोरांटो, तिथे नव्याने सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रेक्षक पसंती पुरस्कारात तिसरे स्थान आणि टोरांटो संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत, २६ सप्टेंबरला भारतात प्रदर्शन. त्याच्या मागे करण जोहर यांची धर्मा प्रॉडक्शन्स होती, हे त्यामागचे एक कारण.

‘स्थळ’च्या मागे असे बळ नव्हते. सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटोच्या प्रेक्षकांनी पाहिलेला हा चंद्रपूरचा चित्रपट महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत लागला तो ७ मार्च २०२५ रोजी, तब्बल १८ महिन्यांनी.